टोपणांची अदलाबदल

हुहाना आमच्या दूध-कारखान्यात तेलखोली सांभाळायची, मी शेजारीच वाळवणीच्या यंत्रावर. कारखाना इथल्याच गाईवाल्यांनी मिळून काढलेला. तान्ह्या बाळांच्या डब्यातली दूध पावडर आम्ही बनवतो. तिच्यात सूर्यफुलाचं आणि कॅनोलाचं, म्हणजे मोहरीच्या जातीचं, तेल ठरल्या मापानेच पडावं लागतं. दोन्हींतली स्निग्धाम्लं बाळाला हवीतच, त्याचं शरीर ती बनवत नाही, आणि एक फार झालं की दुसरं अंगी लागत नाही.

त्या सकाळी नवा ड्रायव्हर दोन्ही तेलं टाक्यांत भरून गेला. दूध मिसळून वाळवणीला लागलं आणि हुहाना धावतच आली.

"टाक्यांची टोपणं उलटी लागलीत! सूर्यफुलाचं लाल टोपण कॅनोलावर आहे."

नुसती टोपणंच चुकली, की तेलंही? दिसायला दोन्ही पिवळीच. ड्रायव्हर घाटात, फोन लागेना.

पाळीचा मुकादम डेस म्हणाला, "वाळू दे. तपासणीत चुकलं निघालं तर चांगल्या पोत्यांत थोडंथोडं मिसळून संपवू. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मिसळायचं नाही. यंत्र थांबवायचं," हुहाना म्हणाली.

"अगं बाई, यंत्र थांबलं तर सगळं दूध नासेल! तुझ्या सख्ख्या भावाचंही आहे त्यात."

"माहीत आहे. आपण आज वाईटसाईट जेवलो तर उद्या नीट जेवतो, डेस. त्या लेकराला उद्याही हाच डबा."

तिने सरळ पुढे होऊन यंत्र बंद केलं. डेस शिव्या देत राहिला. ती बटणावर हात ठेवून उभी राहिली.

तपासणीचं उत्तर दुपारी आलं. तेलं बरोबर होती. चुकली होती ती टोपणंच. तोवर दूध नासलं होतं, ते कुरणांत ओतावं लागलं.

"या, या, जगाच्या आई!" चहाच्या सुट्टीत डेस म्हणाला. "गवताला दूध पाजलंत, आता दात कधी येतात बघा." सगळे हसले. मला त्याचा संताप आला. हुहानाने कप विसळला. भावाने मात्र तिच्याकडे रविवारी जेवायला येणं सोडलं.

हिवाळ्यात डेसची मुलगी बाळंत झाली. एका सकाळी तो तेलखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पिशवीत आमच्याच कारखान्याचे दोन डबे.

"पोरीला दूध येत नाही गं, हुहाना. यातला तू कामावर असतानाचा कुठला?"

हुहाना हसली नाही. "बुडावरची तारीख दाखव," म्हणाली.