आत्याच्या पाठीवरचे धपाटे

नव्वदच्या दशकात मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवायचो. किरणांचा धडा माझ्या खास आवडीचा. दिवा मालवला की भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसंच क्ष-किरणांचं, हे मी दरवर्षी वर्गातला दिवा चालू-बंद करून दाखवायचो.

तेव्हाच माझी मोठी बहीण, आमची अक्का, कॅन्सरच्या उपचारासाठी देवळ्याहून आमच्याकडे राहायला आली. ऑपरेशन झालं होतं, आता पाच आठवडे रेडिएशन. ती त्याला शेक म्हणायची. डॉक्टरांनी मला नीट सांगितलं होतं, मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही, घरात खुशाल वावरू द्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन अक्काची कॉट बाहेरच्या खोलीत टाकली. बायकोला नववा महिना होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! अक्काने स्वतःचं ताट-तांब्या आपणच वेगळं काढलं. मुलगी झाली तेव्हा तिने ती दारातूनच पाहिली.

शेकाच्या शेवटच्या आठवड्यात बारसं आलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. पण अक्का नवी साडी नेसून उंबऱ्यापाशीच बसली आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "तुम्हीच ठेवा नाव. मी शेकाची बाई." सगळ्या बायका माझ्याकडे, म्हणजे घरातल्या विज्ञानाकडे, बघू लागल्या. मी घुगऱ्या वाटायला घेतल्या.

बायको उठली. माझा धडा तिला तोंडपाठ होता. "अहो," ती म्हणाली, "दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड राहतो का?" मी नाही म्हणालो. इतक्या हळू आवाजात मी वर्गात कधी बोललो नव्हतो. तिने मुलगी उचलून थेट अक्काच्या मांडीवर दिली.

अक्काने नाकातोंडाला पदर लावला आणि मान मागे घेऊन लांबूनच नाव घेतलं. बायकोने तो पदर खाली ओढला. मग अक्का वाकली, मुलीच्या कानाला तोंड लावून कुर्रर्र केलं. आता रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे पडायला हवेत, पण कुणाचा हात पुढे येईना. पहिला धपाटा बायकोने घातला, अगदी हलका. मग काकूंनी, मग सगळ्यांनी.

अक्का रडायला लागली. लागलं का, मी घाबरून विचारलं.

"नाय रे भाऊ," ती म्हणाली. "महिना झाला, घरातलं कोणी शिवलं नव्हतं मला."