भिकाला मिस्ड कॉल, भिकाचा मोटरीला

आमच्या घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात चार्जर आहेत. किती, ते मोजायचं मी सोडून दिलंय. पोराचे, सुनेचे, मेलेल्या फोनांचे, एक तर दाढीच्या मशीनचा. गरजेच्या वेळी एक बसेल तर शपथ! याचं तोंड चपटं, त्याचं गोल, आणि ज्याचं बसतं त्याची वायर आतून तुटलेली. पण टाकत कोणी नाही. किस्स्यांचंही तसंच आहे राव. कामाचा एक नाही, आणि डबा भरत चाललाय.

मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. तेव्हा जमेल तसं सांगतो. मुख्य माणसं तीनच. मी, शेजारचा भिका, आणि जुन्नरचा रफिक. रफिक पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो आणि त्याच टेबलावर मोबाईलही.

आमच्या बोरी गावात माझी आणि भिकाची विहीर एक, मोटर एक. विहीर भिकाच्या रानात. उसात बिबट्या राहायला आल्यापासून विहिरीवर जाऊन बटण दाबायची कोणाची छाती होईना. म्हणून दोघांनी मिळून रफिककडून मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. मोटरीला रिंग द्यायची, ती चालू. परत रिंग, बंद. घरातलं एक माणूस माझं एवढं ऐकत नाही! पण ती ऐकते फक्त तिच्यात घातलेल्या नंबरांचं. बसवला त्या दिवशी मी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्यात, म्हणून नंबर भिकाचा गेला. म्हटलं जाऊ दे, त्याचा काय अन् माझा काय.

पुढच्याच महिन्यात आमचं फाटलं. बांधावरच्या शेवग्यावरून. बुंधा त्याच्या बाजूला, शेंगा माझ्या. मी चार लोकांत बोलून बसलो, "तुझ्या रानात परत पाय ठेवला तर नाव बदलीन!" तो म्हणाला, "मग तोंडबी दाखवू नको!" बोलणं बंद.

पण टोमॅटोला शेवग्याशी काय घेणं? त्याला पाणी पाहिजे, आणि पाणी भिकाच्या फोनात. दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी भिकाला एक मिस्ड कॉल दिला. पाच मिनिटांत पाइपातून पाणी! तेव्हापासून तसंच. माझा मिस्ड कॉल भिकाला, भिकाचा मोटरीला. रान भिजलं की परत एक, की मोटर बंद. वर्ष झालं, तोंडातून एक शब्द नाही आणि पाण्याची एक पाळी चुकली नाही.

आमची मंडळी म्हणाली, "बोलत व्हता तवा तरी एवढं ऐकत व्हता का एकमेकांचं?"

*

आमच्या संजयनं त्याचा जुना महागडा फोन मला दिला. तो पुण्यात कंपनीत आहे. हा फोन नाही, जावई आहे! त्याला त्याचाच चार्जर, त्याचीच वायर, कानातलंसुद्धा त्याच्याच घरचं. दुसऱ्याचं लावलं की तोंड फिरवतो.

वर कुलूप बोटाचं. साठ वर्षं खुरपं धरून बोटावरच्या रेषा गेलेल्या. फोन म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. रेशनच्या दुकानातही मी हेच ऐकतो. रफिककडे गेलो. त्यानं दहाही बोटं उलटी-पालटी करून बघितली, ज्योतिष्यानं बघावीत तशी.

"तात्या, करंगळी लावा. तिनं जन्मात काम केलं न्हाई, तीच शाबूत हाय."

लागली! पण आता चारचौघांत फोन काढून करंगळी पुढे केली की नातू ओरडतो, "आजोबांना शू आली!"

*

संजयनं सगळ्या घराचं खातं एक करून ठेवलंय. म्हणजे माझा फोटो त्याच्याकडे, त्याचा माझ्याकडे. "सगळं एका जागी राहतं, दादा," म्हणाला. घरात मी दादा, गावात तात्या. मला काय कळतंय! मी टोमॅटोच्या पानावर करपा आला म्हणून औषधाच्या दुकानात दाखवायला पंधरा-वीस फोटो काढले. ते जाऊन पडले सुनेच्या लॅपटॉपवर. बाई ऑफिसात मोठ्या पडद्यावर काहीतरी समजावून सांगत होती, आणि मागं एकामागून एक माझी सडकी पानं!

सुनेचा फोन आला तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीत होतो.

"दादा, आमच्या साहेबांनी विचारलंय, खालची पानं काढलीत का? काढा म्हणाले, आणि औषधाचं नाव पाठवलंय त्यांनी. ते सांगोल्याचे आहेत, घरची शेती आहे."

फवारलं. करपा थांबला. दुकानदाराला म्हटलं, तुझ्यापेक्षा कॉम्प्युटरवाले बरे!

*

टीव्ही पण आता हुशार आला. पूर्वी बटण दाबलं की लागायचा. आता त्याला पासवर्ड लागतो, वायफाय लागतं, आणि रिमोट उशीखाली गेला की फोन लागतो. आणि मध्येच विचारतो, "तुम्ही अजून पाहत आहात का?"

मी संजयला म्हटलं, "एवढी चौकशी तू कधी केली न्हाईस माझी!"

*

गावात लग्न होतं. पंगतीला बसलो तर समोरच्या ओळीत बरोबर तोंडासमोर भिका! दोघांनी माना खाली घातल्या आणि जिलेबीला लागलो. बसताना माझ्या खिशातला फोन, कुलूप लावायचं राहिलेला, दाबला गेला असणार. गेला कॉल भिकाला. भिकानं बघितलं, त्याला वाटलं तात्याला पाणी पाहिजे. त्यानं गुमान मोटर चालू केली.

मठ्ठा येईपर्यंत खालच्या आळीचा एक जण पळत आला. "तात्या, तुमच्या रानातलं पाणी सरी फोडून रस्त्याव आलंय!"

आता काय करावं? "बंद कर" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. अंतर एका पत्रावळीचं. पण म्हणणार कोण? मी फोन काढला आणि समोर बसलेल्या भिकाला रिंग दिली. भिकाचा उजवा हात पाकात. त्यानं डाव्या हातानं फोन काढला, बघितला, मोटरीला रिंग दिली, फोन खिशात, आणि परत जिलेबी.

वाढपी मधे बादली घेऊन बघतच राहिला. "अवो तात्या, ते समोरच बसल्यात की!"

"तुला काय करायचंय? मठ्ठा वाढ!"

*

एकदा रफिकच्या दुकानात गेलो तर बाकावर भिका. टेबलावर त्याचा फोन उघडा पडलेला, बॅटरी पुरीसारखी फुगलेली. माझा जीव खालीवर. माझं सगळं पाणी त्या फोनात! पण तोंड उघडायची सोय नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

रफिक वैतागला होता. "पूर्वी फोन नखानं उघडायचा. आता सगळं चिकटवून टाकत्यात. तापवा, उचका, अन् बाहेरची बॅटरी घातली की वर लिहून येतं, ही बॅटरी अस्सल न्हाई!"

भिका म्हणाला, "येऊ दे लिहून. माझे दातबी अस्सल न्हाईत. भाकरी खातो की न्हाई?"

मला हसू आलं. आता बोलणं बंद असलेल्या माणसाच्या बोलण्यावर हसायचं कसं? खोकलो. लई खोकलो. भिका रफिकला म्हणाला, "त्याला पाणी दे."

रफिक म्हणाला, "तुमीच द्या की. मी मोबाईल रिपेअर करतो, मी टॉवर न्हाई!"

फोन चालू झाला. मी माठातलं पाणी पिऊन घरी आलो.

*

हा किस्सा गेल्या आठवड्यातला. भिका डिंभ्याला लेकीकडे गेला. मंगळवारी येणार, असं त्याच्या बायकोनं आमच्या मंडळीला सांगितलं. बायकांचं बोलणं कधीच बंद नव्हतं. मी सकाळी मिस्ड कॉल दिला. लागेना. लेकीचं घर धरणाच्या अंगाला, तिथली रेंज तिथल्या एसटीसारखी, आली तर आली. दिवसभर दिला. टोमॅटो फुलात, ऊन हे असं. दुपारी झाडांनी माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी तेच. अजून एक दिवस गेला असता तर फुलं गळून अख्खा प्लॉट गेला असता.

शेवटी रफिकला फोन केला. "बाबा ये, अन् माझा नंबर घाल त्या मोटरीत. भिकाच्या भरवशावर बसलो तर टोमॅटो जाऊन नुसत्या काठ्या अन् तार राहील!"

रफिक आला. तो विहिरीवर गेला, मी माझ्या रानात उभा. पेटी उघडून तो बराच वेळ खटपट करत बसला. मग तिथूनच ओरडला, "तात्या, तुमचा नंबर सांगा!"

सांगितला.

"परत सांगा!"

परत सांगितला. तो पेटी लावून माझ्याकडे चालत आला.

"तात्या, तुमचा नंबर हाय की यात."

"कोणी घातला?"

"मीच. मागल्या वर्षी. तुमचं शेवग्याचं झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी भिकाभाऊ मला घेऊन आले व्हते. म्हणले, त्याचा नंबर घाल, माझ्यावाचून त्याचं पाणी अडायला नको. तुमाला सांगितलं न्हाई त्यांनी?"

"सांगंल कसा? बोलणं बंद हाय ना आमचं!"

"मग वरीसभर तुमी..."

"त्याला रिंग देत व्हतो."

"अन् ते?"

"मोटर चालू करत व्हता."

मी फोन काढला आणि मोटरीला रिंग दिली. पाइप फुरफुरला, पाणी आलं. पहिली सरी भरली.

मग रफिकनं पिशवी उचलली. "चला, सुटला तुमी. आता भिकाभाऊंची गरज न्हाई."

"भिका मंगळवारी येतोय," मी म्हणालो. "तू बुधवारी ये, अन् माझा नंबर काढून टाक."