दिवाळीच्या डब्याची रांग

सुभाष पिग्मीवाला कसा माणूस, असं कुणी इचारलं तर मी सरळ सांगतो, येडा. सोन्यासारखा, पण येडा. एकवीस वर्षं जुन्नरच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून पतसंस्थेसाठी रोजची पिग्मी गोळा करायचा. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. चारच्या ठोक्याला माझी पिठाची गिरणी, मग समोर शमाभाभींचं बांगड्यांचं दुकान. एक रुपाया कधी इकडचा तिकडं झाला न्हाई. लोक संस्थेचं नाव घेतच नसत, ‘सुभाषकडं टाकलेत’ म्हणायचे.

शमाभाभी नवरा गेल्यापासून रोज पन्नास टाकायच्या. सहा वर्षांत लाखाच्या वर साठले. ते सगळे लेकीच्या, सानियाच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. फी भरायची मुदत शुक्रवारची व्हती.

संस्था दर दिवाळीला सभासदांना स्टीलचा डबा द्यायची. त्या सोमवारी डब्यासाठी पार रस्त्यापर्यंत रांग गेली. सुभाषला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक! मोबाइल काढला, रांगेचा व्हिडिओ केला अन् स्टेटसला टाकला, ‘बघा, आमच्या संस्थेवर लोकांचा विश्वास.’ अरे बाबा, विश्वास असा मिरवायचा असतो व्हय?

दिवस मावळायच्या आत कुणीतरी ती ओळ काढून नवी चिकटवली, ‘संस्था बुडाली, पैसे काढायला झुंबड.’ मग काय! गावकीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, जिथं बघावं तिथं तोच व्हिडिओ. एका कोपऱ्यात एक बाई डबा घेऊन हसत बाहेर पडताना दिसत व्हती. पण तिच्याकडं बघतंय कोण?

मंगळवारी सकाळी खरीखुरी रांग लागली. भाभी सातव्या, मी सव्विसावा. सुभाष घामाघूम होऊन पळत आला.

“भाभी, तुमीच उभ्या राहिल्या तर बाकीच्यांनी काय करायचं? लोक तुमच्याकडं बघत्यात. घरी जा. गुरुवारी मी सोता पैसे आणून देतो.”

“सुभाषभाऊ, शुक्रवारची मुदत आहे. पोरीचं वर्ष जाईल.”

“मी हाय ना!”

भाभी रांगेतून बाहेर पडल्या. त्यांचं बघून आणखी दोघी गेल्या. मी दोन पावलं पुढं सरकलो.

पैसा सगळा कर्जात अडकलेला, संस्थेत रोख असून असणार किती? चाळीसेक जणांना मिळाले अन् दुपारी शटर खाली आलं. ते पुन्हा उघडलं ते प्रशासक बसल्यावर, पण पैसे काढायला बंदीच.

तीन दिवस सुभाष दारोदार हिंडला. पण ज्याच्या संस्थेचं शटर पडलं, त्याला उसने कोण देणार? शुक्रवारी संध्याकाळी भाभींच्या दुकानासमोर उभा राहिला, रिकाम्या हातानं. सानिया आत बांगड्या लावत व्हती. भाभींनी त्याला बसायला स्टूल पुढं केलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं राव.

आता सुभाष नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलतो. पण रोज संध्याकाळी सहाला भाभींच्या दुकानी येतो अन् पन्नास रुपये ठेवतो. भाभी नको नको म्हणतात, तर म्हणतो, “जसे घेतले तसेच देणार.” जुन्या पिग्मी कार्डाच्या मागच्या बाजूला सानिया सही करते. तिच्या मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला गेल्या.

परवा गिरणीत दळण न्यायला आला. म्हणाला, “बाळासाहेब, आपल्या पेठेत तो व्हिडिओ कुणी पसरवला, एवढं एकदा कळलं पायजे.”

मी पट्टा बघायचं निमित्त करून खाली वाकलो. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मीच टाकला व्हता. अन् दुसऱ्या दिवशी माझे पैसे मोजून घेऊन घरी आलो व्हतो.