वीतभर अक्षरं

"कोणी धाडलं?" दारात उभ्या माणसाला मावशींचा पहिला प्रश्न हाच. जनावरांच्या डॉक्टरला, खाद्य आणणाऱ्या टेम्पोवाल्याला, बातमीसाठी गेलेल्या मलाही. तुम्ही नुसतं पाणी प्यायला थांबला असतात, तर तुम्हालाही.

मंठ्याजवळच्या माळावर त्यांचं कोंबड्यांचं शेड होतं. नवरा गेल्यानंतर घर त्यावरच चालायचं. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेची छोटी विमानं शेडवरून इतकी खालून जात, की घाबरलेल्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढत. खालच्या गुदमरून मरत. संस्थेचं उत्तर ठरलेलं: विमान नियमाच्या उंचीवरच होतं.

"नियम काय हाय?" त्यांनी मला विचारलं.

"मोकळ्या रानावर दीडशे मीटरच्या खाली यायचं नाही. उतरता-चढताना सोडून."

"तुम्ही त्यांचे तर न्हाई ना?"

मग त्यांनी एका जुन्या पत्र्यावर चुन्यानं वीतभर अक्षरं काढली आणि मला बांधावरून मागे मागे चालायला लावलं. "वाचा!" त्या ओरडत. दीडशे मीटरच्या आधीच अक्षरांचा नुसता पांढरा पट्टा झाला. हे कशासाठी, ते मला सांगितलं नाही. तेवढा भरवसा नव्हता.

काही दिवसांनी संस्थेचा माणूस आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"कोणी धाडलं?"

"संस्थेनं. मावशी, शेडवर लिहिलंय ते पुसून टाका. आमच्या पोरांचा बाप काढणं शोभतं का तुम्हाला?"

"काय लिहिलंय?"

"'आभाळ तुझ्या बापाचं हाय का?'"

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"छपराचा पत्रा मागल्या अंगाला उतरता हाय. रस्त्यावरून दिसत न्हाई. मागं रान माझंच. अन् अक्षर बराबर वीतभर. मंग तुमच्या पोरांनी वाचलं कुठून?"

तो मोटारसायकलवर बसला.

विमानं उंच गेली. कोंबड्या मरायच्या थांबल्या. मावशींचा संशय मात्र थांबला नाही. "इतक्या जल्दी ऐकलं? काहीतरी शिजून राह्यलंय," त्या वर बघत म्हणायच्या.

मागच्या हिवाळ्यात त्या वारल्या. लेकीनं कोंबड्या विकल्या.

परवा त्या बाजूला गेलो होतो. एक छोटं विमान माळावरून आलं, शेडच्या अलीकडेच वर चढलं आणि लांबून वळसा घालून गेलं. शेडचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. मागे जाऊन पत्रा पाहिला. चुना पावसानं केव्हाच धुऊन नेला होता.