चाकणचा माहीतगार

नोकरीचा पहिला दिवस. परभणीहून आलेला मी पुण्याजवळ थेरगावात डांगे चौकात चाकणच्या कंपनीची बस शोधत होतो. एक मिशीवाला गृहस्थ रुबाबात बसमध्ये चढला. मी मागोमाग चढलो. “चाकण ना? बसा खिडकीशी,” म्हणत त्याने बूट काढून मांडी घातली. मला धीर आला.

बस थांबली ती भलत्याच कंपनीच्या गेटवर. पहिल्याच दिवशी उशीर! मी रडकुंडीला आलो. “भाऊ, आता कुठं जायचं?”

“मला काय माहीत राव? मी पण कालच जालन्याहून आलोय,” बूट चढवत तो म्हणाला. “तुम्ही बिनधास्त मागं चढलात, म्हणून वाटलं, बस बरोबर असंल.”

गाव सोडल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो. आम्ही दोघांत रिक्षा केली. तो चालकाशेजारी बसून त्याला ठामपणे रस्ता सांगू लागला. आणि खरं सांगतो, मला पुन्हा धीर आला.