अक्काच्या मृत्यूची नक्कल

अक्का, माझी थोरली बहीण, गेली तेव्हा मी मद्रासमधल्याच एका कॉलेजात शिकवत होतो आणि आमचे बिऱ्हाड तिरुवल्लिक्केणीत होते. तिचे सासर जॉर्ज टाउनमध्ये, घाऊक व्यापाऱ्यांच्या गल्ल्यांच्या मागे. दोन्ही घराणी मूळ तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नकार्यांत जेवलेली. अक्काला पहिलेच दिवस गेले होते. आमच्या रिवाजाप्रमाणे सातवा सरला की तिने बाळंतपणासाठी माहेरी यायचे. पण तिच्या सासूचा पाय मोडला होता, चुलीपाशी दुसरे कोणी नव्हते, म्हणून भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नवव्यात पाठवतो असा निरोप धाडला. नववा लागायच्या आतच एका रात्री कळा सुरू झाल्या. सकाळी आम्हांला बोलावणे आले ते ती गेल्याचेच. मूलही पोटातच गेले होते.

भावजींनी सांगितले की तिला ताबडतोब इस्पितळात नेले, डॉक्टरांनी शर्थ केली, पण उजाडण्यापूर्वी सगळे आटोपले आणि मग त्यांनी तिला घरी आणले. सांगताना ते रडत होते. माझ्या वडिलांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिला.

तेराव्याच्या दिवशी तिच्या सासरच्याच घरात शेजारच्या पोर्शनमध्ये बिऱ्हाड करून राहणाऱ्या बाईंनी माझ्या आईला मागच्या अंगणात गाठले. त्या रात्री दाराशी घोड्याचा जटका आला नव्हता की रिक्षा, एवढेच त्या म्हणाल्या. गल्लीतली दाई तेवढी आली होती. माझे नाव घेऊ नका, असे बजावून त्या निघून गेल्या.

आईने मला हे घरी आल्यावर सांगितले. मी भावजींकडे जाऊन भांडू शकलो असतो. पण भांडणात ते पुन्हा रडले असते आणि वडिलांनी पुन्हा हात फिरवला असता. मला त्यांचे रडणे नको होते. त्यांच्या तोंडून खरे निघायला हवे होते, तेही जिथे त्याची झळ लागेल अशा जागी. त्यासाठी कागद हवा होता.

सरकारी कागद काढणे हे तोवर मी कधी केले नव्हते. ज्याला ते करायचे आहे त्याने आधी एवढे समजून घ्यावे की कचेरी माणसाला शोधत नाही, जागा आणि तारीख शोधते. मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही. तो जिथे मरतो त्या विभागाच्या कचेरीत होते. हे कळल्यावर मला आनंदच झाला, कारण भावजींची गोष्ट खरी असेल तर नोंद इस्पितळाच्या विभागात सापडणार होती आणि खोटी असेल तर जॉर्ज टाउनच्या. नोंदीत काय लिहिले आहे हे वाचण्याआधी ती कुठे आहे यावरूनच अर्धा निकाल लागणार होता.

मी इंग्रजीत अर्ज लिहिला, स्टँप लावला. मृताचे नाव, पतीचे नाव, नाते, तारीख, नक्कल कशासाठी हवी. शेवटच्या प्रश्नापाशी थोडा थांबलो आणि ‘कौटुंबिक कामासाठी’ असे लिहिले. ते खोटे नव्हते.

इस्पितळाच्या विभागात नोंद नव्हती. कारकुनाने माझ्यादेखत बोट फिरवून नावे वाचली आणि मान हलवली. बाहेर आलो तेव्हा माझे पाय हलके पडत होते. आठवड्याने जॉर्ज टाउनच्या कचेरीत गेलो. तिथेही नोंद नव्हती. दिलेल्या तारखेस अशा नावाचा मृत्यू नाही, असा शेरा मारून अर्ज परत आला. बाई दुसऱ्या कुठल्या गावी वारली नाही ना, असे तिथल्या कारकुनाने तामिळमध्ये विचारले. मी अर्ज घडी करून खिशात घातला. बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि ज्या खिडकीशी पुन्हा यायचे आहे तिथे आवाज चढवू नये.

महिनाभर तो शेरा माझ्या टेबलावर पडून होता. भावजींनी नोंदच केली नसेल, अशी भीती मला वाटू लागली. पण नोंदीशिवाय स्मशानात घेतले नसते. म्हणजे नोंद होती, आणि मला ती मागता येत नव्हती.

मग मासिक श्राद्धाची वेळ आली. तिथी कोणती धरायची यावरून घरात बोलणे निघाले. आई म्हणाली, “त्यात विचारायचं काय? मंगळवारचीच ती. उजाडायला अजून अवकाश होता.”

मी हातातले पुस्तक मिटले. आम्ही सगळेच मंगळवार म्हणत होतो. भावजी म्हणत, वडील म्हणत, मीही म्हणत होतो. आमच्या घरात वार सूर्योदयाला बदलतो. रात्री तीन वाजता गेलेले माणूस आदल्या दिवसाचेच. एवढी इंग्रजी पुस्तके वाचून, रोज घड्याळ लावून तास घेणाऱ्या मला हे सुचले नव्हते की कचेरीचा बुधवार मध्यरात्रीच सुरू झाला होता. मी अर्जात मंगळवारची तारीख घातली होती, आणि शोध घेणाऱ्याने मंगळवारच्याच नोंदी पाहिल्या होत्या. त्याचे काही चुकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज दिला, बुधवारची तारीख घालून. नक्कल मिळाली ती जॉर्ज टाउनच्या कचेरीतून.

मृत्यूचे ठिकाण: राहते घर. कारण: प्रसूती. वैद्यकीय उपचार: नाही. खबर देणारा: पती. खाली भावजींचे नाव आणि त्यांनी सही केल्याचा दाखला. सरकारपुढे ते खरे बोलले होते, कारण इस्पितळाचे नाव सांगितले असते तर इस्पितळाचा कागद दाखवावा लागला असता. खोटे फक्त आमच्यासाठी राखून ठेवले होते. मी ती नक्कल आईला मराठीत वाचून दाखवली. ती रडली नाही. “ठेवून दे. कामाला येईल,” एवढेच म्हणाली.

काम वर्षाच्या आतच निघाले. भावजींचे दुसरे लग्न ठरत होते. मुलगी कुंभकोणमची, वडील शाळामास्तर. आमच्याकडे एक जुना शिरस्ता आहे: दुसरेपणावर येणारी मुलगी पहिलीच्या माहेरची लेक मानतात. लग्नाआधी तिला त्या घरी आणतात, पहिलीची आई तिची ओटी भरते, आणि मगच पुढचे बोलणे पक्के होते. भावजींनी निरोप पाठवला की तुमचा आशीर्वाद घ्यायला येतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी आईकडे पाहिले.

“येऊ दे,” आई म्हणाली.

ते रविवारी सकाळी आले. भावजी, मास्तर आणि मुलगी. भावजींनी नवे उपरणे घेतले होते. आईने तबकात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू मांडून ठेवले होते. कॉफी झाली. मास्तर सज्जन वाटत होते. तुमची मुलगी गेलेली असूनही तुम्ही बोलावलेत, हे मोठे मन आहे, असे ते वडिलांना म्हणाले. भावजींनी मान खाली घालून, नशिबात नव्हते, डॉक्टरांनीही हात टेकले, वगैरे आपले ठरलेले बोलणे सुरू केले. मी ते पुरते होऊ दिले. मध्ये एकदाही तोडले नाही.

मग कागद त्यांच्या पुढे ठेवला. “भावजी, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. सर्वांना कळेल असं मराठीत वाचा.”

त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा नसल्याचे सांगितले. मी माझा पुढे केला. तो लागणार नाही म्हणाले.

“खाली नाव तुमचंच आहे ना, एवढं तरी दिसेल.”

मास्तरांनी हात पुढे करून कागद घेतला. त्यांना इंग्रजी येत होते. त्यांनी तो सावकाश, वर्गात वाचावा तसा, रकाना रकाना करून मराठीत वाचला. ‘वैद्यकीय उपचार, नाही’ हे वाचून ते थांबले आणि भावजींकडे वळले. “इस्पितळात नेलं म्हणालात.”

भावजींचा चेहरा घामेजला होता. “न्यायचंच होतं. अम्मा नको म्हणाली. आमच्या घरातली बाई कधी इस्पितळात गेली नाही, तिथं कोण कोण शिवतं... दाई होती की. मी काय करणार?”

“तुमच्या अम्मा आहेत अजून?”

“आहे.”

“मग माझ्या मुलीलाही नकोच म्हणतील.”

मास्तर उठले. भावजी माझ्या वडिलांच्या पायांशी वाकले. वडिलांनी पाय मागे घेतले. त्या क्षणी मला जे समाधान मिळाले तसे पुढे आयुष्यात कोणत्याही गोष्टीने मिळाले नाही. मी ते लपवलेही नाही.

आईने मात्र मुलीला हाताला धरून पाटावर बसवले आणि तिची ओटी भरली. मास्तर गोंधळले. “लग्न मोडलं म्हणून लेक मोडत नाही,” आई म्हणाली. मुलीने वाकून नमस्कार केला. ती सबंध वेळ बोलली नव्हती, जाताना आईला फक्त “येते” म्हणाली. बापलेक वेगळी रिक्षा करून गेले. भावजी ओसरीवर किती तरी वेळ वहाणा शोधत होते. त्या त्यांच्या समोरच होत्या. कोणी दाखवल्या नाहीत.

नंतर त्यांची आणखी दोन ठिकाणी बोलणी निघाली, एक तंजावरला, एक बंगळूरला. आपल्या माणसांत बातमी लपत नाही. दोन्ही वेळा मी कचेरीत जाऊन नवी नक्कल काढली. जुनी माझ्याकडे होती, पण मुलीच्या घरी पाठवायची ती ताज्या शिक्क्याची असावी असे मला वाटे. खिडकीतला कारकून आता तारीखही विचारत नसे. पाकिटात मी चिठ्ठी घातली नाही, स्वतःचे नावही लिहिले नाही. दोन्ही घरांतून भावजींना नकार गेला.

त्यानंतर त्यांना कोणी मुलगी सांगून आली नाही. आपल्या अम्माची सेवा करत ते त्याच घरात राहिले, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करत. लोक मला म्हणत, आता पुरे कर, तो माणूस संपला. मी ऐकून घेत असे. पुढच्या महिन्यात मी आणखी एक नक्कल आणून कपाटात ठेवली.