समुद्राकडची खिडकी

चिंचणीचं ते घर मी घेतलं तेव्हा बोईसरमधले माझे धंदेवाले दोस्त हसले. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या भिंती आणि बारा कुजक्या खिडक्या. जुन्या मालकाच्या परदेशातल्या पोराला मी सहा महिने झुलवून भाव पाडला, पण घर सोडणार मी नव्हतोच.

माझे वडील सुतार. या घरात लग्न निघालं तेव्हा खिडक्यांना नव्या पितळी बिजागऱ्या त्यांनीच बसवल्या. कोणीतरी मालकाचे कान भरले की सुतार तांबटाच्या दारात दिसला, पितळ विकून त्याने लोखंड बसवलं. मालकाने ओट्यावर, सगळ्या आळीसमोर, वडिलांची हत्यारांची पिशवी उलटी केली. तोवर खिडक्यांवर, बिजागऱ्यांसकट, जाड हिरवा रंग चढला होता. वडील म्हणाले, "खरवडून बघा." लग्नाचं घर, ताजा रंग, कोण खरवडणार? त्यानंतर गावात त्यांना काम मिळालं नाही. सागवानात वेलबुट्टी कोरणारा माणूस मरेपर्यंत बोईसरच्या कारखान्यात खोकी ठोकत राहिला.

म्हणून मी आळीला सांगून ठेवलं होतं, वास्तुशांतीला या आणि डोळ्यांनी पितळ बघा.

बाहेरचं सिमेंट उतरवून भिंतींना पुन्हा चुना केला. खिडक्यांना माझा बांधकामाचा मिस्त्री नाही लावला. वडिलांच्या हाताखाली शिकलेला म्हातारा सुतार आणला. रंगाचे थर निघत गेले. खाली पितळ. अकरा खिडक्या पितळ.

बारावी, माडीवरची समुद्राकडची. तिथे लोखंड निघालं.

"पेंटरने बदललं असेल," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने बोट लावलं. "स्क्रूच्या खाचा बग. सगल्या उभ्या. पानी थांबू नये म्हनून. असा बसवनारा एकच होता."

"काका, तोंड बंद ठेवा."

"माजा तोंड चालीस वर्सं बंदच हाय, शेट."

मी त्याच्यावर ओरडलो, मग त्याला घरी पाठवला. एकटाच त्या खिडकीपाशी बसलो. वारा नव्हता, तरी झडप चौकटीवर हलकी आपटत होती. वडील लाकूड तपासताना बोटाने टिचकी मारायचे, तशी. खरवडून बघा. गिऱ्हाईक उठून बघणार नाही याची खात्री असली की मीही असंच म्हणतो, बाजारात विचारून या. आयुष्यभर त्या वाक्यावर धंदा केला, आणि वडिलांच्या तोंडचं मात्र ते खरं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या भंगारवाल्याकडून तसल्याच जुन्या पितळी बिजागऱ्या आणल्या. "क्या सेठ, इसमें भी भाव?" तो म्हणाला. मी नेहमीपेक्षा कमी घासाघीस केली. रात्र व्हायच्या आत माझ्या हाताने त्या बसवल्या, खाचा उभ्या ठेवून.

वास्तुशांतीला आळी आली, बघून मान खाली घालून जेवली. शेवटी पालघरहून मालकाची धाकटी बहीण आली, हातात काठी. पिशवी उलटी झाली तेव्हा ती दारात उभी होती. माडी चढून तिने बिजागरीवर हात ठेवला आणि रडू लागली.

"भाऊ, मला इतकी वर्षं वाटायचं, दादानेच…"

"दादाने काय, ताई?"

तिने पितळाकडे पाहिलं, डोळे पुसले. "काही नाही. मेलेल्या माणसावर मी उगीच संशय घेतला. बिजागऱ्या आहेत ना इथेच."

दादाने पितळ विकून वडिलांच्या हाती लोखंड दिलं होतं का? दिलं असेल तर ते मुकाट्याने का बसवलं, आणि वर खरवडा का म्हणाले? सांगू शकणारं माणूस माझ्यासमोर उभं होतं. तिला विचारायचं तर आधी मला सांगावं लागलं असतं की हे पितळ परवाचं आहे.

मी तिला हात देऊन जिना उतरवला. "तुमच्या वडिलांची माफी मागते," ती खाली म्हणाली. मी ती घेतली. त्या घरात अजून एकदाही झोपायला गेलेलो नाही.